नवी संगणकप्रणाली आणि सोबतीचे काम

(संगणक-साहाय्याचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



संगणकाविषयी बोलण्यासाठी माझ्यासारख्या कला शाखेच्या पदवीधराला उभे करण्यात संयोजकांनी मोठेच धाडस केले आहे. मी मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालो आणि वृत्तपत्रात आलो, तेव्हा खिळे जुळवणाऱ्यांची पिढी निवृत्तीच्या वाटेवर होती. मजकुराच्या पट्ट्या कापून पानावर चिकटवल्या जात. मग एके दिवशी टेबलावर संगणक येऊन बसला. ‘आता यावरच बातमी लिहायची’ असे फर्मान निघाले आणि ज्यांनी हयातभर कागदावर शाईने लिहिले, त्या माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावरची भीती मी जवळून पाहिली. त्या भीतीत मीही वाटेकरी होतो. म्हणून आज जे बोलणार आहे, ते तंत्रज्ञ म्हणून बोलणार नाही. शिकताना घाबरलेला आणि पुढे इतरांना शिकवताना चुकलेला माणूस म्हणून बोलणार आहे.

विषय असा आहे : ज्याने आजवर एकाच प्रकारची संगणकप्रणाली पाहिली आहे, अशा सामान्य माणसाला लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालीवर आणायचे असेल, तर त्याला साहाय्य कसे करावे?

हा प्रश्न आजच का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी वर्षभराची वाढीव सोय ठेवली गेली. पण दिशा स्पष्ट आहे. पुढची प्रणाली, म्हणजे विंडोज ११, घ्यायची तर संगणकात ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-सुविधा हवी आणि प्रोसेसर तिच्या मान्य यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर त्या यादीत बसतात. आता आपल्या गावातील वाचनालय, शाळेची संगणक खोली, पतसंस्थेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणा. तेथील अनेक यंत्रे त्याहून जुनी आहेत. ती बिघडलेली नाहीत. पडदा लागतो, कळफलक चालतो, छपाई होते. तरीही ती निकामी ठरवली जात आहेत.

अशा वेळी तीन वाटा उरतात. नवीन यंत्र घ्यावे, म्हणजे पैसे हवेत. जुने तसेच चालवावे, म्हणजे दुरुस्त्या न मिळणाऱ्या प्रणालीवर सदस्यांची खाती आणि पत्ते उघडे ठेवावेत. किंवा त्याच यंत्रावर दुसरी प्रणाली बसवावी. या तिसऱ्या वाटेने लोकांना नेणारे कार्यकर्ते आपल्याला हवे आहेत.

हे आहे तरी काय?

तपशिलात फार शिरत नाही. पण नवागताने विचारले तर आपल्याला चार वाक्यांत सांगता आले पाहिजे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाची आज्ञावली कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता आली पाहिजे, ही त्यामागची भूमिका. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला. तोच लिनक्स. पुढच्या वर्षी त्याने तो स्टॉलमन यांच्या परवान्याखाली सर्वांना खुला केला. या दोन प्रवाहांचा संगम झाला आणि त्यातून अनेक संच तयार झाले. २००४ मध्ये उबुंटू आले, २००६ मध्ये त्याच्याच पायावर लिनक्स मिंट आले. आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचा आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालणारे आहे. तेव्हा ‘हे कच्चे काम असेल’ ही शंका मनातून काढून टाकावी.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने घोटाळा होतो. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, हे आपले भाग्य. ही प्रणाली बहुधा फुकट मिळते; पण तिचे मोल तिच्या मुक्त असण्यात आहे.

आता एक प्रश्न आपल्यापैकी कोणीतरी विचारणारच : हे स्वदेशी आहे का? प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, जन्माने नाही. सुरुवात करणारा फिनलंडचा, परवाना लिहिणारा अमेरिकन, मिंटचा संस्थापक क्लेमाँ लेफेव्र फ्रेंच. पण गावातील सार्वजनिक विहीर कोणी खोदली यापेक्षा तिच्यावर आपला रहाट कोणी अडवू शकत नाही, याला अर्थ असतो. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध लादले. त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेल आदी सेवा थांबवल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. केवळ लिनक्स बसवले असते तर हे टळले असते, असे मी म्हणणार नाही. कारण ईमेल दुसऱ्याच्या संगणकावर असेल तर आपल्या टेबलावरची प्रणाली कोणतीही असली तरी दोरी त्याच्याच हाती राहते. पण दोरी कोणाच्या हाती आहे हे विचारण्याची सवय मात्र या घटनेने लावली पाहिजे.

आपल्या देशातही प्रयत्न झाले आहेत. सी-डॅक या शासकीय संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांचा विचार करणारी लिनक्स प्रणाली आणली. मग मिंट का, बॉस का नाही? माझे उत्तर व्यवहाराचे आहे. नवागताची अडचण रात्री साडेनऊला येते. त्या वेळी ज्या प्रणालीविषयी गावात दोन जाणकार आहेत आणि शोधले तर उत्तर सापडते, ती त्याच्यासाठी चांगली. तुमच्या भागात बॉस जाणणारे असतील तर बॉस बसवा. मात्र एका गावात, एका संस्थेत शक्यतो एकच प्रणाली ठेवा. घरोघरी वेगळी चूल मांडली की एकमेकांना विचारण्याची सोय संपते.

माझी चूक

आता मूळ मुद्द्याकडे येतो आणि त्यासाठी मला माझा एक अपराध सांगावा लागेल.

२००८ सालची गोष्ट. तेव्हा उबुंटूची सीडी मागितली की टपालाने घरी फुकट येत असे. पुढे २०११ मध्ये ती योजना बंद झाली. मी पाच सीडी मागवल्या होत्या आणि नव्या धर्मांतरिताचा उत्साह माझ्या अंगात संचारला होता. आमच्या तालुक्यात एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. जात्यावरच्या ओव्या ते वयस्क बायकांकडून ऐकून उतरवून घेत आणि मुलाने दिलेल्या संगणकावर एका बोटाने टंकलिखित करीत. त्यांचे यंत्र विषाणूंनी मंदावले होते. मी गेलो, त्यांना मुक्त प्रणालीवर अर्धा तास व्याख्यान दिले आणि म्हणालो, ‘‘गुरुजी, निश्चिंत राहा. संध्याकाळपर्यंत नवा करून देतो.’’

मी ‘माय डॉक्युमेंट्स’मधील सर्व फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर काढली. मग सीडी घातली आणि ‘संपूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय निवडला. अर्ध्या-पाऊण तासात नवी प्रणाली झळकू लागली. गुरुजी चहा घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘आता माझं डी ड्राइव्ह दाखवा.’’

माझ्या पोटात गोळा आला. ‘सी उडाला तरी डी राहतो’ असे कोणीतरी त्यांना कधीकाळी सांगितले होते, म्हणून सर्वांत मोलाच्या ओव्या त्यांनी जपून डी मध्ये ठेवल्या होत्या. संपूर्ण डिस्क म्हणजे सी आणि डी दोन्ही. त्यांचा जपण्याचा मार्ग माझ्या आज्ञेने पुसला गेला होता. ज्या फाइली वाचल्या होत्या, त्या उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसली. कारण त्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये होत्या आणि तो फाँट नव्या प्रणालीत नव्हता. त्या पुढे दुसऱ्या संगणकावर उघडता आल्या. डी मधल्या मात्र गेल्याच. वहीत होत्या तेवढ्या गुरुजींनी पुन्हा उतरवल्या. पण साठेक ओव्या अशा होत्या की, त्या थेट संगणकावर उतरवलेल्या होत्या आणि त्या सांगणाऱ्या दोन आज्या तोवर हे जग सोडून गेल्या होत्या.

गुरुजी रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, ‘‘तुम्हाला सगळं ठाऊक होतं हो. पण मी काय काम करतो, कुठे ठेवतो, हे एकदा मला विचारायला हवं होतंत.’’

त्या वाक्याने मला जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. मी त्यांना स्वातंत्र्यावर व्याख्यान दिले होते आणि त्यांच्याच यंत्राविषयीचा निर्णय त्यांना न विचारता घेतला होता.

आधी माणूस, मग यंत्र

म्हणून पहिला नियम असा की, पहिल्या भेटीत पेन ड्राइव्ह घरी ठेवून जावे आणि वही न्यावी. समोरच्याला विचारावे : सकाळी संगणक सुरू केल्यावर पहिले काम कोणते करता? मग कोणते? छपाई कशावर? मराठी कोणत्या पद्धतीने टंकता? फाइली कोठे कोठे ठेवता? वर्षातून एकदाच लागणारे असे काही आहे का? या शेवटच्या प्रश्नाला विसरू नका. विवरणपत्र भरण्यासाठी लागणारी डिजिटल सहीची यूएसबी किल्ली वर्षातून एक-दोनदाच बाहेर येते आणि नेमकी त्या दिवशी नव्या प्रणालीवर चालत नाही.

या वहीतून कधी कधी ‘नाही’ असे उत्तर निघते आणि ते मोकळेपणाने सांगण्याचे धैर्य आपल्यात हवे. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल, तर टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. फलक छापणाऱ्याचे सारे काम कोरल ड्रॉमध्ये असेल, तर इंकस्केप हा पर्याय आहे. पण वीस वर्षांची हातसवय आणि ग्राहकांच्या फाइली त्याने एका रात्रीत टाकून द्याव्यात, असे सांगणे अन्यायाचे आहे. अशांना त्या यंत्रावर आहे ते राहू द्यावे. हवे तर घरातील दुसऱ्या, मुलांच्या यंत्रावर मिंट बसवावे. चुकीच्या माणसाला आग्रहाने आणले तर तो परत जातोच आणि जाताना ‘ते लिनक्स काही खरे नाही’ हे दहा जणांना सांगत जातो.

याउलट ज्याचे काम पत्रे लिहिणे, तक्ते करणे, ईमेल, महाजालावर वाचणे, चित्रफिती पाहणे एवढे आहे, त्याची वाट सोपी आहे. फायरफॉक्स, थंडरबर्ड आणि लिब्रेऑफिस ही साधने मिंटसोबतच येतात. इतरांनी पाठवलेल्या वर्डच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. मात्र किचकट मांडणीच्या फाइलीत परिच्छेद पुढेमागे सरकतात, हेही आधी सांगून ठेवावे. आधी सांगितलेली अडचण माणूस सोसतो. नंतर कळलेल्या अडचणीने विश्वास जातो.

न बसवता पाहण्याची सोय

लिनक्सचा सर्वांत मोठा गुण नवागताच्या दृष्टीने हा की, संगणकातले काहीही न बदलता ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा, अधिकृत संकेतस्थळावरून मिंटची प्रतिमा-फाइल उतरवावी, ती खरी असल्याची पडताळणी करावी आणि एचर किंवा रूफससारख्या साधनाने पेन ड्राइव्हवर चढवावी. संगणक सुरू होताना एफ १२, एफ २, एस्केप अशी, यंत्रानुसार वेगळी असणारी कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडला की प्रणाली समोर येते. डाव्या कोपऱ्यात खाली मेन्यू, तळाशी पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोज वापरणाऱ्याला घर ओळखीचे वाटते, म्हणून तर नवशिक्यासाठी मी मिंटची सिनॅमन आवृत्ती सुचवतो. यंत्र फारच दुबळे असेल तर एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. मेमरी दोन जीबी किमान सांगितली आहे. चार असली तर काम सुखाने होते. बत्तीस बिटांच्या अगदी जुन्या यंत्रांचा नाद मात्र सोडावा. मिंटच्या मुख्य आवृत्तीने २०२० पासून त्यांना वगळले आहे. शक्य असेल तेथे जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. जुन्या यंत्राला त्याने जो वेग येतो, तो पाहून मालक आपले यंत्र दुसऱ्याचे तर नाही ना, असे विचारतो.

पेन ड्राइव्हवर प्रणाली मंद चालते, हे त्याला आधीच सांगावे. मग त्याच्या वहीतील एकेक काम तेथेच करून पाहावे. वायफाय लागते का? आवाज येतो का? कॅमेरा दिसतो का? त्याच्याच प्रिंटरवर एक पान छापून पाहावे, कारण काही स्वस्त लेझर प्रिंटर लिनक्सवर फार रडवतात. वायफाय लागले नाही, तर फोन यूएसबीच्या तारेने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला देता येते आणि मग मिंटमधील ‘ड्रायव्हर मॅनेजर’ बहुधा मार्ग काढतो.

सर्व जमले, त्या माणसाने स्वतः ‘बसवू या’ म्हटले, तरच पुढे जावे. आणि पुढे जाण्याआधी दोन ठिकाणी प्रती काढाव्यात. सी, डी, ई, डेस्कटॉप, डाउनलोड, सगळे. प्रत काढली म्हणजे काम झाले असे नाही. ती दुसऱ्या संगणकावर त्या माणसाच्या देखत उघडून दाखवावी. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचे असेल, तर बिटलॉकर हे कुलूप चालू आहे का ते तपासावे आणि त्याची ४८ अंकी किल्ली लिहून घ्यावी. नाहीतर आपल्याच घराबाहेर उभे राहण्याची पाळी येते. डिस्क पुसण्याच्या पर्यायावर पोचल्यावर हात थांबवावा. ते बटण मालकाने दाबायचे, आपण नाही. हा नियम मी गुरुजींच्या ऋणातून घेतला आहे.

मराठीचा प्रश्न

आपल्या लोकांचा लिनक्सशी पहिला खटका मराठी टंकण्यावरून उडतो. मिंटमध्ये कळफलकाच्या मांडण्यांच्या यादीत मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी अशा मांडण्या आहेत. इनस्क्रिप्ट ही भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकातील मांडणी. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. जो नव्याने शिकतो आहे त्याला हीच शिकवावी, कारण ती कोणत्याही प्रणालीत, कोणत्याही भारतीय लिपीला चालते. ज्याला रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवण्याची सवय आहे, त्याला उच्चारानुसारी मांडणी द्यावी; मात्र ती मोबाइलवरील सवयीशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून समोर बसून दहा ओळी टंकून घ्याव्यात. आणि ज्याची बोटे टंकलेखन यंत्राच्या रेमिंग्टन पद्धतीत मुरली आहेत, त्याच्यासाठी सोय होते का हे पेन ड्राइव्हवरच तपासावे. साठीच्या माणसाची बोटे बदलायला लावू नका.

जुन्या फाँटमधील फाइली हा दुसरा खटका. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या काळात लिहिलेले अपार मराठी साहित्य, संस्थांची इतिवृत्ते, दिवाळी अंकांचे मजकूर आज कपाटांत आणि डिस्कवर पडून आहेत. ते सर्व युनिकोडमध्ये आणावे लागेल, मग प्रणाली कोणतीही असो. परिवर्तकाने आणलेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घालावाच लागतो. रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात. नव्या प्रणालीवर जाणे हे या राहिलेल्या कामाचे निमित्त ठरो. सुंदर देवनागरी फाँटचीही आता वानवा नाही. मुंबईच्या एक टाइप या समूहाने केलेला ‘मुक्ता’ मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे.

पहिला महिना

प्रणाली बसवायला एक तास पुरतो. माणूस बसायला महिना लागतो.

पहिल्या आठवड्यात रोज एक दूरध्वनी करावा. आपण करावा, त्याने करण्याची वाट पाहू नये, कारण आपल्याकडे वडीलधारी माणसे ‘उगीच त्रास कशाला’ म्हणून विचारत नाहीत आणि संगणकावर कापड घालून ठेवतात. दुसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष जाऊन शेजारी बसावे. शेजारी, समोर नव्हे. आणि माउस त्याच्याच हातात असावा. आपण चटकन करून दाखवले की आपले कौतुक होते, त्याचे शिक्षण होत नाही.

काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्याचा मोह पहिल्या महिन्यात टाळावा. आपल्याला ते सोपे वाटते. त्याला ते मंत्र-तंत्र वाटते. अपडेट मॅनेजर आणि सॉफ्टवेअर मॅनेजर या दोन खिडक्यांतून त्याचे सर्व काम होते. महाजालावर कोठेतरी सापडलेली ‘सुडो’ने सुरू होणारी आज्ञा न कळता कधीही चिकटवू नये, एवढे मात्र पहिल्या दिवशी सांगावे, कारण घरमालकाचा शिक्का मारून दिलेला तो कोरा कागद असतो. ‘लिनक्सला विषाणूच लागत नाहीत’ अशी फुशारकीही मारू नये. धोका कमी आहे, शून्य नाही आणि बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या ईमेलला तुमची प्रणाली कोणती याच्याशी काही देणेघेणे नसते.

‘टाइमशिफ्ट’ नावाचे साधन मिंटमध्ये आहे. प्रणालीची आजची स्थिती ते जपून ठेवते आणि बिघाड झाला तर त्या स्थितीला परत नेते. ते लावून द्यावे. पण ते प्रणालीसाठी आहे. माणसाच्या फाइलींची प्रत वेगळी काढावीच लागते, हे दोनदा सांगावे. शेवटी एक पान मोठ्या अक्षरात मराठीत लिहून संगणकाशेजारी चिकटवावे. सी ड्राइव्ह कोठे गेला, तर ‘होम’ येथे. पेन ड्राइव्ह कसा काढावा. मराठी-इंग्रजी कसे बदलावे. अडल्यास कोणाला विचारावे. त्या शेवटच्या ओळीत दोन नावे असावीत. एकच नाव असेल आणि ती व्यक्ती गावाला गेली, तर सारे काम अडते.

यापुढची गोष्ट तुम्ही म्हणाल की, छोट्या संस्थेला ठीक, मोठ्या प्रमाणावर हे चालते का? दोन उदाहरणे देतो. केरळमध्ये २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला आणि काही वर्षांत तेथील सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर आल्या. तेथील राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, त्यांनी एक गोष्ट नीट केली : यंत्रांबरोबर शिक्षक तयार केले. शिक्षकांनी शिक्षकांना शिकवले, पाठ्यपुस्तके त्याच प्रणालीवर बेतली आणि २०१८ पासून विद्यार्थ्यांची मंडळेही उभी केली. दुसरे उदाहरण जर्मनीतील म्युनिक शहराचे. त्यांनी दहा वर्षे खपून सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर आणले आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. त्यामागच्या कारणांवर आजही वाद आहे. पण कर्मचाऱ्यांची कुरकुर ऐकू येत असेल तर ती प्रणालीविरोधी म्हणून झटकू नये, एवढा बोध तरी घ्यावाच.

गुरुजींचा निरोप

समारोपाकडे येतो. २०२५ च्या दिवाळीनंतर मला दूरध्वनी आला. गुरुजींचा. वय पंच्याऐंशी, आवाज तोच. गावच्या वाचनालयात चार संगणक होते, देखभाल करणाऱ्याने ‘आता हे भंगार’ असे सांगितले होते. गुरुजी म्हणाले, ‘‘तुमचं ते मुक्त प्रकरण अजून चालू आहे का? असेल तर या. मात्र येताना वही आणा.’’

मी गेलो. दोन दिवस केवळ विचारणे आणि प्रती काढणे चालले होते. ग्रंथपाल ताई, बचत गटाचा हिशेब तक्त्यात ठेवणाऱ्या दोन भगिनी आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी चार मुले, सर्वांना पेन ड्राइव्हवर मिंट चालवू दिले. एका यंत्रावर ग्रंथालयाची जुनी नोंदप्रणाली होती, ती हलेना. ते यंत्र आम्ही इंटरनेटपासून तोडून आहे तसेच ठेवले. उरलेल्या तीनवर मिंट २२ बसवले. त्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. डिस्क पुसण्याचे बटण आले तेव्हा मी बाजूला सरकलो. ग्रंथपाल ताईंनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी विचारले, ‘‘प्रती उघडून पाहिल्या?’’ ताई म्हणाल्या, ‘‘पाहिल्या गुरुजी. दोन्ही.’’ ‘‘मग दाबा.’’

आता त्या तीनपैकी एका संगणकावर अकरावीतली एक मुलगी गुरुजींच्या वहीतल्या ओव्या युनिकोडमध्ये उतरवते आहे. आठवड्यातून दोनदा ते तिच्या शेजारी बसतात आणि जोडाक्षरे तपासतात. त्या साठ ओव्या परत येणार नाहीत. पण परवा त्यांनी मला कळवले की, त्या आज्यांपैकी एकीची सून सापडली आहे आणि तिला सासूच्या सात-आठ ओव्या पाठ आहेत. रविवारी ते तिच्याकडे जाणार आहेत. मीही वही घेऊन जाणार आहे.

तुम्हीही जाताना वही न्या, एवढीच विनंती करून मी थांबतो.